कडक जमिनीवरची चाल

माणूस पहिल्यांदा भेटला की आपण चेहरा बघतो. काका पाय बघत. कॅनडातल्या ग्वेल्फमधलं त्यांचं बेसमेंट भाड्याने घ्यायला मी गेले, तेव्हा त्यांनी मला दारातच थांबवलं आणि रस्त्याच्या टोकाला असलेल्या टपालपेट्यांकडे बोट दाखवलं.

"तिथपर्यंत जाऊन परत या."

"टपाल आणायचंय का?"

"नाही. नुसतं जाऊन या."

नोव्हेंबर होता, वारा बोचत होता आणि मला जागेची गरज होती. मी गेले आणि आले. ते पोर्चच्या पायरीवर हात मागे बांधून उभे होते.

"उजवी टाच बाहेरून झिजते तुमची," ते म्हणाले. "पण चाल सरळ आहे. जाताना घाई केलीत, येताना नाही केलीत. राहा."

मागून त्यांच्या पत्नी आल्या. "अहो, तिला आधी घरात तरी घ्या. थंडीत काय घोडी तपासताय?" मग माझ्याकडे वळून, "मनावर घेऊ नकोस गं. प्लंबरलासुद्धा असंच चालवतात."

मी आधी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होते. तिथे शिकवलेला एक नियम अजून सुटलेला नाही: महत्त्वाचं आधी सांगावं. तर महत्त्वाचं हे की, एका मार्च महिन्यात या गृहस्थांना त्यांच्या घरात एकटं राहू द्यायचं की नाही, हे त्यांची मुलगी ठरवणार होती. पत्नी तोवर गेल्या होत्या. मुलगी कॅल्गरीहून येणार होती, आणि ती येणार होती बघायला. तिला बघायला त्यांनीच शिकवलं होतं, ही त्यातली अडचण.

काका जनावरांचे डॉक्टर. तरुणपणी पुण्याच्या रेसकोर्सवर नोकरीला होते. शर्यतीच्या दिवशी सकाळी प्रत्येक घोडा चालवून, वळवून, थोडा पळवून बघायचा आणि त्याने धावायचं की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी नाही म्हटलं की मालक कितीही मोठा असो, घोडा तबेल्यात परत जाई. कॅनडात आल्यावर इथल्या परीक्षा देऊन पुन्हा डॉक्टर होणं जमलं नाही. एका प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासत ते निवृत्त झाले. याबद्दल त्यांच्या तोंडून तक्रार ऐकल्याचं आठवत नाही. एकदाच म्हणाले, "दूध काही वाईट नव्हतं. फक्त ते पळत नाही."

जे पळतं ते बघण्याची भूक मात्र राहिली. किराणा आणायला गेलं की सामान मी आणायचं आणि त्यांनी पार्किंगमध्ये गाडीत बसून बर्फावरून ट्रॉली ढकलणारी माणसं बघायची. मी परत आले की अहवाल तयार असे. तो निळ्या जॅकेटवाला घसरला नाही, पण घसरेन या भीतीने त्याने कंबर आखडून घेतली, आता रात्री दुखणार. ती म्हातारी बघ, पाऊल सपाट टाकते, ती कधी पडायची नाही. "बर्फावर सगळे नवखे," ते म्हणत. "इथे जन्मलेलेसुद्धा. दर डिसेंबरला पहिल्यापासून शिकतात."

नवखे हा त्यांचा खास विषय. इंग्लंडमध्ये मार्चमध्ये हर्डल्सच्या मोठ्या शर्यती होतात. त्यांतली एक फक्त नवख्या घोड्यांची असते, म्हणजे त्या मोसमाआधी हर्डल्सची एकही शर्यत न जिंकलेल्या घोड्यांची. हर्डल म्हणजे काटक्या विणून केलेली, कमरेएवढी उंच चौकट; अशा चौकटी वाटेत उभ्या असतात. घोड्याचा पाय लागला तर त्या झुकतात. शर्यत तिकडे दुपारी, आमच्याकडे सकाळी. पुण्यात त्यांनी फक्त सपाट शर्यती पाहिलेल्या. उड्यांची शर्यत त्यांनी पाहिली ती कॅनडात, टीव्हीवर, आणि मग वर्षातला तो एक दिवस त्यांचा सण झाला. त्या दिवशी ते दाढी करत, टाय लावत, आणि सोफ्यावर न बसता जेवणाच्या टेबलाची ताठ खुर्ची टीव्हीसमोर आणून ठेवत. आवाज बंद. समालोचनाला ते लग्नातला बँड म्हणत. "नवरा कसा आहे ते बँडवरून कळत नाही."

नवखेच का, असं मी विचारलं होतं.

"कारण ते खोटं बोलत नाहीत. जुना घोडा शहाणा होतो. कुठला पाय दुखतो ते लपवायला शिकतो, कुठे दम खायचा ते शिकतो. नवखा जसा आहे तसा समोर येतो बिचारा."

पैसे ते कधी लावत नसत आणि दुसऱ्याने लावलेले त्यांना खपत नसत. पैसे लावले की डोळे आपल्याला हवं ते बघतात, एवढंच त्यांचं म्हणणं. शर्यतीच्या आधीचा आठवडाभर ते प्रत्येक घोड्याच्या जुन्या धावा पुन्हा पुन्हा बघत. कोण पहिला आला याकडे लक्ष नसे. त्यांचा प्रश्न एकच होता. एखादी उडी चुकली, पाय चौकटीला लागला, तोल गेला, तर त्यानंतरची उडी घोडा कशी मारतो? घाबरून फार लांबून मारतो? की थबकतो? की काही झालंच नाही असा जातो? चुकलेली उडी ते बघतही नसत. ती तर सगळ्यांची चुकते, म्हणत.

मग परीक्षण. ते सांगत, मी टाइप करत असे आणि ते आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर जाई. त्या ग्रुपवर एरवी विंटर टायर कुठे बदलावे आणि गणपतीत ढोल कोण आणणार एवढंच चाले. हर्डल म्हणजे काय हे तिथे कुणालाही माहीत नव्हतं, तरी मार्च आला की लोक विचारत, काकांचं आलं का?

घोड्यांची इंग्रजी नावं त्यांना पाठ होत नसत. नावं काकू ठेवत. काका टीव्हीसमोर बसून गुणदोष सांगत, काकू ओट्यापाशी काहीतरी चिरत ऐकत आणि तिथूनच बारसं करत. त्यातली काही परीक्षणं माझ्याकडे अजून आहेत.

"सासरेबुवा. उंच, काळसर, मान ताठ. सगळ्यांनी आपल्याकडे बघावं अशी अपेक्षा. हर्डल आपल्या वाटेत कुणीतरी मुद्दाम ठेवलं आहे असा चेहरा. उडी उत्तम, पण उडी झाल्यावर उपकार केल्यासारखा क्षणभर थांबतो. तेवढ्यात बाकीचे पुढे जातात."

"धाकटी जाऊ. लहान चणीची तांबूस घोडी. कुणाच्या नजरेत येत नाही. निम्मी शर्यत मागे राहून सगळ्यांचं बघून घेते, मग कुणाला न विचारता पुढे येते."

"पाहुणा. दिसायला देखणा. खाऊनपिऊन आलेला. शेवटच्या चढावर त्याला घरी जायची आठवण होईल."

मी सवयीने विशेषणं कापत असे. एकदा एका घोड्यापुढचा 'बिचारा' मी काढला, तेव्हा ते खुर्ची माझ्याकडे वळवून बसले. "तो राहू द्या पत्रकारबाई. त्याच्या वाट्याला तेवढाच एक शब्द आलाय." रागावले की ते मला पत्रकारबाई म्हणत आणि 'तू'चं 'तुम्ही' करत.

जवळच्या मिल्टन गावचा एक सॉफ्टवेअरवाला दर वर्षी विचारी, "काका, थोडक्यात सांगा ना, जिंकणार कोण?" काकांनी मला उत्तर सांगितलं: "थोडक्यात, घोडा."

वरच्या मजल्यावरच्या लहान खोलीत काही काळ नाशिकची एक मुलगी राहत होती, कॉलेजात शिकणारी. ती गाडीच्या रोड टेस्टमध्ये पुन्हा नापास होऊन आली आणि जिन्यातच बसून रडायला लागली. काकू तिला जवळ घेऊन बसल्या. काका बूट घालायला लागले. "चल, मला फिरवून आण," म्हणाले. ती दोघं गेली आणि बऱ्याच वेळाने आली. नंतर तिने मला सांगितलं की सगळ्या वाटेत काका एकच वाक्य बोलले: "तुझ्या चुकीचं मला काही नाही गं. पण एक चौक चुकला की पुढचे दोन चौक तू तो मागचाच चालवत असतेस." पुढच्या वेळी ती पास झाली आणि मिठाईचा डबा घेऊन आली.

"काका, पार्किंग करताना गाडी फुटपाथच्या कडेला लागली होती पण!"

"ते सोड. लागल्यानंतरचं सांग," काका म्हणाले, आणि डबा उघडायच्या आधी तिने त्यांना ते सगळं सांगितलं.

ज्याला त्याला चालवून बघणाऱ्या या माणसाने एका व्यक्तीला कधी तपासलं नाही. ही गोष्ट मला काकूंनी सांगितली, मेथी निवडताना, आणि काका घरात नाहीत याची खात्री करून. त्यांचा बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा काकांच्या आत्याबाई पुढे बसलेल्या. प्रश्न झाले, पोहे झाले, मग आत्याबाई म्हणाल्या, मुलीला जरा चालून दाखवायला सांगा. काकू उठल्या. तेवढ्यात मुलगा पहिल्यांदा बोलला.

"म्हणाले, 'नको. मी हे रोज करतो. इथे नको.' आणि गं, चक्क भिंतीकडे तोंड करून बसले. मी आत जाईपर्यंत वळून बघितलं नाही." काकू हसायला लागल्या. "माझा एक पाय जरा आखूड आहे ते त्यांना लग्नानंतर कळलं. म्हणजे मीच सांगितलं. त्यांनी बघितलंच नव्हतं म्हणे. आता एवढा डॉक्टर, त्याला दिसलं नसेल होय?"

एका जानेवारीत काकू गेल्या. दुखणं लहान वाटलं होतं, पण उपचाराला वेळ मिळाला नाही. त्या मार्चमध्ये काकांनी परीक्षण सांगितलं. टाय होता, खुर्ची होती. प्रत्येक घोड्याचे गुणदोष झाले की ते ओट्याच्या दिशेने थोडं थांबत आणि मग म्हणत, "नावाची जागा मोकळी ठेव." तसंच ते ग्रुपवर गेलं, मोकळ्या जागांसकट. कुणीही त्याचं कारण विचारलं नाही. जिंकणार कोण विचारणाऱ्यानेसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी मला नावं सुचवायला सांगितली. मी काही सुचवली. ते ऐकून म्हणाले, "तुझी नावं मथळ्यासारखी आहेत."

आता त्या मार्चचं. फेब्रुवारीत ते जिन्यावरून घसरले. शेवटच्या तीनचार पायऱ्या. आवाजाने मी खालून धावत आले तर ते पायरीवर बसून पायमोज्याकडे बघत होते. "मोजा गुळगुळीत आहे," म्हणाले. हाड मोडलं नव्हतं. पण त्यानंतर सकाळी वरून येणारा पावलांचा आवाज बदलला. एक पाऊल ऐकू यायचं, दुसरं ओढल्यासारखं.

मग मुलीचा फोन आला. ती कॅल्गरीत एका तेल कंपनीत इंजिनिअर. पाइपलाइनला कुठे गळती लागली ते शोधणं हे तिचं काम. काकू असताना ती वर्षातून एकदा येई. काकू गेल्यावर तिचे फोन रोजचे झाले आणि प्रत्येक फोनच्या शेवटी कॅल्गरीचा विषय येई.

"तुम्ही बेसमेंटला असता," ती मला म्हणाली. "यू मस्ट हिअर थिंग्ज. बाबा पडले होते का?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा."

"ओके. म्हणजे पडले."

संध्याकाळी काकांनी विचारलं, "काय सांगितलंस तिला?"

"काहीच नाही."

"पत्रकार काही सांगत नाही तेव्हाच लोकांना सगळं कळतं," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. मग हळू आवाजात, "शर्यतीच्या आठवड्यात येतेय. रजा टाकून. मला न्यायला आली तर मी काय करू?"

हा प्रश्न त्यांनी खिडकीला विचारला होता.

ती लहान असताना ते तिला रविवारी गावाबाहेरच्या एका तबेल्यावर घेऊन जात. कुंपणाला टेकून दोघं उभी राहत आणि ते विचारत, कुठला पाय? पुढचा पाय दुखत असला की तो टेकताना घोडा मान वर उचलतो. मागचा दुखत असला की कंबर उचलते. ती शाळेत जाण्याआधीपासून बरोबर उत्तर देत असे. हे ते अभिमानाने सांगत. त्या आठवड्यात मात्र सांगायचे बंद झाले.

त्याऐवजी त्यांनी गालिचे काढले. कपाटातले, तळघरातले, काकूंच्या पूजेच्या खोलीतला लांब पट्टा, सगळे. झोपायच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत कुठेही लाकडी जमीन दिसणार नाही असे अंथरले. दिवसातून कितीदा तरी त्यांवरून फेऱ्या मारल्या.

"पाय गार पडतात," मला म्हणाले.

लंगडा घोडा विकायचा असला की व्यापारी तो मऊ मातीवर चालवून दाखवतात, कारण मऊ जमीन दुखणं गिळते. खरं बघायचं तर फरशीवर चालवा, हे मला त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं.

"मऊ मातीवर चालवणार म्हणा की," मी म्हटलं.

"तुम्ही गप्प बसा, पत्रकारबाई."

ती शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आली. बूट काढले, गालिच्यांकडे पाहिलं. जेवताना कॅल्गरीच्या थंडीबद्दल आणि ऑफिसबद्दल बोलली. मलाही जेवायला थांबवलं. काकांनी आमटी वाढायला स्वतः उठून दाखवलं. तिने तेही पाहिलं.

सकाळी मी वर गेले तेव्हा काका टाय लावून खुर्चीत तयार होते आणि ती बाकीचे गालिचे उचलून झाल्यावर जमिनीवर बसून काकूंच्या पूजेच्या खोलीतला लांब पट्टा गुंडाळत होती.

"काय चाललंय?" काका म्हणाले.

"बाबा, चालून दाखवा."

"शर्यत सुरू होईल आता."

"अजून वेळ आहे. पॅडॉकच्या रिंगणात फिरतायत घोडे अजून." तिने गुंडाळी भिंतीला टेकवली. "सकाळी काय घेतलंत?"

"चहा."

"आणि?"

काका टाय सारखा करू लागले.

"बाबा. दुखण्याची गोळी खाऊन आलेला घोडा बाद. हूज रूल इज दॅट?"

"अर्धी घेतली," काका म्हणाले.

"आणि उरलेली अर्धी?"

"ती काल रात्री. तुला आमटी वाढायच्या आधी."

ती हसली नाही. मला मात्र तोंड फिरवावं लागलं. काका उठले. मोकळ्या लाकडी जमिनीवरून ते स्वयंपाकघरापर्यंत गेले, मान वर, खांदे मागे, पुण्यातल्या कुठल्याही मालकाला हेवा वाटावा असे. परत फिरायच्या आधी ती म्हणाली, "तिथेच वळा. लहान गोल." ते वळले. वळताना त्यांच्या हाताचं एक बोट फ्रीजला लागलं. नुसतं लागलं. आधार म्हणण्याइतकंही नाही.

"धूळ बसलीय का बघत होतो," ते म्हणाले.

 ते परत येऊन खुर्चीत बसले आणि रिमोट उचलून टीव्हीकडे वळले. कसोटी संपली आणि आपण निभावून नेलं, असं त्यांना वाटलं असावं. चेहऱ्यावर रंग आला होता. मला म्हणाले, "बस, बस. तो बघ जावईबापू."

या नावाची सुरुवात मुलीने केली होती. आदल्या रात्री जेवणानंतर जुन्या धावा बघताना तिने त्या घोड्याकडे पाहून सहज म्हटलं होतं, हा तर जावईबापू आहे, ह्याला काय हवं-नको ते सगळे विचारतायत. काका तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले होते. मग मला म्हणाले होते, लिही. आणि पुढे: "लोकांचा लाडका. सपाट शर्यतीतून आलेला, वेग भरपूर. आतापर्यंत एकही हर्डल चुकलेलं नाही. हीच माझी काळजी आहे. चुकल्यावर तो काय करतो हे कुणालाच माहीत नाही, त्यालाही नाही."

शर्यत सुटली. आवाज बंद. खोलीत फक्त हीटरची घरघर. घोडे पहिल्या चौकटीवरून एका लाटेसारखे गेले. काका पुटपुटत होते: सासरेबुवासारखाच आहे हा मागचा. ती पांढऱ्या पायांची घोडी शहाणी. अरे, दम राख, दम राख. जावईबापू सगळ्यांच्या पुढे होता आणि त्याच्या उडीत खरंच कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

मुलगी सोफ्याच्या टोकाला बसली होती. ती टीव्हीकडे बघत नव्हती.

शेवटून दुसऱ्या हर्डलला जावईबापू चुकला. फार जवळ गेला, पुढचे पाय चौकटीत अडकले, नाक जमिनीला टेकता टेकता राहिलं. पण पडला नाही. पुन्हा पायांवर आला, आणि शेवटचं हर्डल समोर होतं.

"आता!" काका ओरडले आणि उभे राहिले.

उभं राहताना त्यांना आपण कुणाच्या समोर आहोत याचं भान नव्हतं. कशालाही हात न लावता, एकदम उठले. डावी कंबर उचलली गेली, गुडघा आतल्या बाजूला वाकला आणि ते माझ्यावर कलंडले. मी एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूला ती कधी येऊन पोहोचली ते मला कळलं नाही. दोघींनी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं. टीव्हीवर कुठलातरी जॉकी एक हात वर करून दुसऱ्याने घोड्याची मान थोपटत होता. जावईबापूने शेवटची उडी कशी मारली ते आमच्यापैकी कुणीही पाहिलं नाही.

काका श्वास घेत बसले. मग टाय सैल केला.

"बोल," ते मुलीला म्हणाले.

"नको, बाबा."

"बघितलंस ना? मग बोल. परीक्षण अर्धं ठेवायचं नसतं."

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. एकेक वाक्य ठेवत बोलली. "डावा पाय. सरळ चालताना लपतो, वळताना नाही. उजव्या बाजूला वजन टाकून चालता, म्हणून उजवा खांदा खाली गेलाय. जिना एकेक पायरी बसून उतरता, पँट मागे झिजलीय. आणि सुरुवात कंबरेतून आहे."

"गुडघ्यातून."

"कंबरेतून, बाबा. गुडघा नंतर जातो."

काकांनी डोळे मिटून थोडा विचार केला. मांडीवरून हात कंबरेपर्यंत नेऊन दाबून पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "कंबर." मग माझ्याकडे बघून, "मीही हेच सांगितलं असतं." आवाजात हरल्याचं दुःख होतं की शिकवणी फुकट न गेल्याचं समाधान, हे मला ठरवता आलं नाही. दोन्ही असावं.

"मग निकाल सांग," ते तिला म्हणाले.

 ती गुंडाळलेल्या गालिच्याच्या कडेचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिली.

"अगं, घोडा बाद असेल तर बाद म्हण. अपील नसतं. मला माहितेय ते."

"तसं नाहीये," ती म्हणाली. "तुमचा पाय धड असता ना, तरी मी हेच म्हणणार होते. आय जस्ट नीडेड अ रीझन."

"कसलं रीझन?"

"तुम्हाला न्यायला. आई गेल्यापासून मी फोन ठेवते आणि मग रात्रभर..." तिने वाक्य सोडून दिलं. "मला तुम्ही घरात हवे आहात. बस. ह्याला परीक्षण नाही काही. पण तुम्हाला कारण दिल्याशिवाय तुम्ही कधी कुठली गोष्ट ऐकलीत? म्हणून पाय बघत बसले."

काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर होती. इतक्या वर्षांत ती मी तिथे क्वचितच पाहिली होती.

"वेडी आहेस," ते म्हणाले. "मग गालिचा कशाला गुंडाळलास? नुसतं या म्हणायचं होतंस."

"या."

"येतो."

मी चहा टाकायला ओट्यापाशी गेले. पाणी उकळायला लागलं होतं. मागे काका विचारत होते, तिकडे बर्फ कधी वितळतो.

"वितळतो हो लवकर," ती नाक पुसत म्हणाली. "एका दिवसात सगळा जातो. मग परत पडतो. पण बर्फ शोव्हल मी करते, बाबा. तुम्ही खिडकीत बसायचं."